साडेतीस तासांचे साडेसहा

“सायेब, माझं ओव्हरटाइमचं साडेतीस तास भरत्यात. कागदावर साडेसहाच हाईत.”

२००३ च्या जुलैमधली गोष्ट. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी पगाराचं सॉफ्टवेअर बसवलं होतं. सॉफ्टवेअर म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेसची एक फाइल, आठ-दहा फॉर्म आणि माझा भरमसाट आत्मविश्वास. समोर उभे होते फेटलिंगमधले मामा. फेटलिंग म्हणजे साच्यातून निघालेल्या कास्टिंगच्या कडा ग्राइंडरवर घासून साफ करायचं खातं. तिथला माणूस पाळीभर ठिणग्यांत आणि धुळीत उभा असतो. मामा हे काही त्यांचं नाव नव्हे, पण मालकापासून कँटीनच्या पोरापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे.

मी तेव्हा चोविशीतला. कॉम्प्युटर चुकत नाही वगैरे काहीतरी बोललो असणार. मामा वाद घालत बसले नाहीत. त्यांनी खिशातून एलआयसीची छोटी डायरी काढली आणि जूनचं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. पानावर अक्षर एकही नाही, नुसत्या पेन्सिलीच्या रेघा. पाव तास जास्त थांबलं की एक उभी रेघ. तीन उभ्या झाल्या की चौथी त्यांच्यावरून आडवी. एक जुडी म्हणजे एक तास.

“मोजा,” म्हणाले.

मोजल्या. तीस जुड्या आणि वर दोन रेघा.

तेव्हाच्या फॅक्टरी ॲक्टप्रमाणे ओव्हरटाइमला दुप्पट दर. म्हणजे माझ्या कागदाने गिळलेले चोवीस तास हा अठ्ठेचाळीस तासांचा पगार झाला, आठ तासांच्या हिशेबाने सहा दिवसांची कमाई. पगार ७ तारखेच्या आत व्हायचा असतो आणि त्या दिवशी तारीख होती ६.

रात्री नऊपर्यंत बसून सापडलं ते असं. ॲक्सेसमध्ये तारीख आणि वेळ ठेवायचा प्रकार एकच, आणि आतून तो साधा दशांश अपूर्णांक असतो. पूर्णांकाचा भाग म्हणजे ३० डिसेंबर १८९९ पासून किती दिवस लोटले. टिंबापुढचा भाग म्हणजे दिवसाचा कितवा हिस्सा. सकाळचे सहा म्हणजे ०.२५, दुपारचे बारा म्हणजे ०.५. मामांच्या महिन्याची बेरीज येत होती १.२७०८३३. एक दिवस आणि वर साडेसहा तास, म्हणजे बेरीज चोख होती. पण मी रिपोर्टमध्ये ‘तास आणि मिनिटं दाखव’ असं सांगितलं होतं. त्याने टिंबापुढचे तास-मिनिटं दाखवले, ०६:३०, आणि तो बिचारा ‘१’ तारखेचा म्हणून बाजूला ठेवला. पगाराचा गुणाकारही मी याच दिसणाऱ्या तास-मिनिटांवर बेतला होता. खातरजमा म्हणून तो आकडा तारखेसकट छापून पाहिला: ३१-१२-१८९९, ०६:३०. मामांचा ओव्हरटाइम एकोणिसाव्या शतकात, वर्षअखेरीला, सकाळी साडेसहा वाजता आटोपला होता.

(३० डिसेंबरच का? लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीटने १९०० हे लीप वर्ष धरलं होतं, जे ते नव्हतं. एक्सेलने सुसंगतीसाठी ती चूक जशीच्या तशी उचलली. ॲक्सेसने शून्य दिवस मागे सरकवून ३० डिसेंबरला नेला, त्यामुळे १ मार्च १९०० पासून पुढे दोघांचे आकडे जुळतात. दोघांकडेही त्या दिवसाचा क्रमांक ६१.)

चाचणी मी घेतली नव्हती असं नाही. पण घेतली ती एका आठवड्याच्या डेटावर, आणि आठवड्यात चोवीस तास ओव्हरटाइम कुणाचाच होत नाही. जूनमध्ये मामांसकट अकरा जणांचा झाला होता. बाकीच्या दहा जणांनी काही विचारलं नाही. याची टोचणी मला अजून आहे. एक्सेलमध्ये तासांचं ‘एच’ हे अक्षर चौकोनी कंसात टाकलं की चोवीसच्या पुढचे तास नीट दिसतात. ॲक्सेसमध्ये तीही सोय नाही.

त्या रात्री मोटारसायकलवरून घरी येताना एक गोष्ट डोक्यात बसली. मराठीत आपण दोन वेगळे प्रश्न विचारतो: ‘किती वाजले?’ आणि ‘किती वेळ लागला?’ पोरगं बोलायला लागलं की त्याला हा फरक कळतो. वाजतात ते बारापाशी नाहीतर चोवीसपाशी संपून पुन्हा सुरू होतात. लागतो तो वेळ कितीही लागू शकतो. दोन साडेसाताची बेरीज करायची झाली, तर घड्याळातल्या साडेसातांची होतच नाही, कामाच्या साडेसात तासांचे मात्र पंधरा होतात. लिहायला गेलं की दोन्ही सारखेच दिसतात, ७:३०. मी वाजलेल्याच्या खणात लागलेलं ठेवलं होतं.

आणि लिहायचं तरी ७:३० कुठे? आपण लिहितो ७.३०. लग्नपत्रिकेत ‘सायंकाळी ७.३० वा.’, नाटकाच्या जाहिरातीत ‘रात्रौ ९.३०’. तो ठिपका दशांशचिन्ह नाही हे आपल्याला न सांगता कळतं, पण यंत्राला कळत नाही.

टाइम ऑफिसमध्ये अण्णा होते, हजेरीपटाचे तीस वर्षांचे कारकून. सुपरवायझरांच्या ओटीच्या, म्हणजे ओव्हरटाइमच्या, चिठ्ठ्या त्यांच्याकडे यायच्या आणि ते कॅल्क्युलेटरवर बेरीज मारायचे. माझं सॉफ्टवेअर यायच्या आधीची एक चिठ्ठी मी जपून ठेवलीय: २.४५, १.३०, ०.४५, खाली बेरीज ४.२०. पावणेतीन, दीड आणि पाऊण. तोंडाने म्हणा, पाच होतात. अण्णांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे सगळे पाठ होते, थेट साडेतीनच्या औटकीपर्यंत. त्यांना तोंडी विचारलं असतं तर डोळे मिटून ‘पाच’ म्हणाले असते. पण हातात कॅल्क्युलेटर आला आणि तोंडी हिशेब गेला. कॅल्क्युलेटर हातचा शंभराला घेतो, घड्याळ साठाला. दर हातच्यामागे कामगाराची चाळीस मिनिटं जायची. किती वर्षं जात होती, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

जुन्या चिठ्ठ्या डेटाबेसमध्ये भरताना तर फारच गंमत झाली. मोल्डिंगचा सुपरवायझर तास-मिनिटं लिहायचा, फर्नेसवरचा डिप्लोमावाला दशांशात लिहायचा. एकाचं २.३० म्हणजे अडीच, दुसऱ्याचं २.५ म्हणजे अडीच. दोघांच्या चिठ्ठ्या एकाच फायलीत. टिंबापुढे साठ किंवा त्याहून मोठं असेल तर तो दशांश, हे नक्की; .७५ लिहिणारा पाऊण तासच म्हणतोय. .४५ आणि .१५ बहुधा मिनिटं. पण .५० चं काय? आणि .३० चं? शेवटी चिठ्ठीवरचं अक्षर ओळखून भरलं. डेटाबेसच्या पुस्तकात हस्ताक्षराचा धडा नसतो.

मामांच्या प्रकरणानंतर मी ॲक्सेसमध्ये सगळे कालावधी मिनिटांत ठेवायला हवे होते. ठेवले नाहीत. चोवीस तासांचं तेवढं ठिगळ लावलं आणि पुढे गेलो. मग ऑगस्टमध्ये रातपाळीवाल्यांनी धरलं. पूर्ण आठ तास भरले तरच त्या दिवशीचा पाळीभत्ता, असा नियम होता. सात ते तीन पास. तीन ते अकरा पास. रात्री अकरा ते सकाळी सात, सगळेच्या सगळे नापास! अण्णांनी भरलेल्या वेळा अगदी नीट होत्या, २३:०० आणि ०७:००.

याचं कारण शोधायला मला दोन दिवस लागले. आठ तास म्हणजे दिवसाचा एक तृतीयांश, आणि एक तृतीयांश ना दशमानात पुरता लिहिता येतो ना यंत्राच्या द्विमानात. तारखेसकट वेळ ठेवली की तारखेचा मोठा आकडा जागा खातो आणि टिंबापुढची अचूकता घटते. रात्रीचे अकरा आत जाताना किंचित वर सरकतात, सकाळचे सात किंचित खाली. वजाबाकी केली की आठ तासांना केसभर कमी. तो केस सेकंदाच्या दहालाखाव्या भागाच्या निम्म्याहूनही बारीक आहे. दिवसपाळ्यांत चुका सोयीच्या बाजूला पडल्या, रातपाळीत दोन्ही विरुद्ध पडल्या. आधीच रात्रभर भट्टीपाशी उभं राहायचं आणि वर हे.

मग मात्र बदललं. आलेली वेळ तारखेसकट, गेलेली वेळ तारखेसकट, आणि दोघांतल्या अंतराची मिनिटं पूर्णांकात. बेरीज मिनिटांचीच करायची. छापताना साठाने भागायचं. भागाकार तास, बाकी मिनिटं. मामा पाव तासाची रेघ मारायचे, मी मिनिटाची मारायला लागलो, एवढाच काय तो फरक.

शहाणपण टिकलं असतं तर ही पोस्ट इथेच संपली असती. पण २००९ मध्ये सगळं वेबवर न्यायचं ठरलं, पीएचपी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस. मायएसक्यूएलमध्ये ‘टाइम’ नावाचा प्रकार बघितला. त्याचं वर्णन वाचून हरखलो: यात चोवीसच्या पुढचे तास बसतात आणि उणे वेळही बसते. म्हणजे हा नुसता घड्याळाचा नाही, कालावधीचाही आहे! झालं, मिनिटं मोडून ओटीचा कॉलम ‘टाइम’ केला आणि बेरजेचं फंक्शन ‘सम’ लावलं.

पहिल्याच रिपोर्टवर एका माणसाचा ओटी दिसला २:७५.

‘सम’ला वेळ कळत नाही, आकडे कळतात. म्हणून मायएसक्यूएल १:३०:०० चे दोन ठिपके काढून १३००० करतं, १:४५:०० चे १४५००, आणि बेरीज देतं २७५००. चूकही दाखवत नाही, इशाराही नाही. गंमत म्हणून अण्णांच्या जुन्या चिठ्ठीतले तीन आकडे घालून पाहिले. २४५००, १३०००, ४५००. बेरीज ४२०००, म्हणजे ४:२०:००. अण्णा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्यांचा कॅल्क्युलेटर मात्र सर्व्हरवर जाऊन बसला होता.

उपाय सगळ्यांना ठाऊक असलेलाच. ‘टाइम टू सेक’ने प्रत्येक वेळेचे सेकंद करायचे, सेकंदांची बेरीज करायची, ‘सेक टू टाइम’ने परत तास-मिनिटांत आणायची. तसं केलं आणि मार्चअखेरपर्यंत सुखाने झोपलो.

मार्चअखेर आली. मॅनेजरसाहेबांना खातेवार वर्षाचा ओव्हरटाइम हवा होता. कागद हातात घेऊन त्यांनी चष्मा वर केला. “फर्नेस, मोल्डिंग, फेटलिंग… तिन्ही खाती सेकंदाला सेकंद सारखी कशी हो?”

तिन्हींसमोर ८३८:५९:५९.

मायएसक्यूएलचा टाइम तिथेच संपतो. चौतीस दिवस, बावीस तास, एकोणसाठ मिनिटं, एकोणसाठ सेकंद. त्यापुढे कितीही मोठी बेरीज असो, ‘सेक टू टाइम’ एवढंच सांगणार. हा विचित्र आकडा आला कुठून म्हणून ठिपके काढून बघा: ८३८५९५९. तीन बाइटमध्ये अधिक-उणे धरून मावणारी सगळ्यात मोठी संख्या ८३८८६०७. तिच्या आत बसणारी ही शेवटची पूर्ण तासाच्या टोकाची वेळ. मागे डेटाबेस इशारा देतो, पण माझा पीएचपीचा कोड इशाऱ्यांकडे बघतच नव्हता. तिन्ही खात्यांचा खरा आकडा हजाराच्या वर होता, प्रत्येकाचा वेगळा.

याच टाइममध्ये अकरा ते सात या रातपाळीची वजाबाकी उणे सोळा तास येते, हेही सांगून टाकतो. ‘उणे आलं तर चोवीस मिळवा’ हा उतारा सगळे लावतात, मीही लावला. पण माणूस लागोपाठ तीन पाळ्या करून चोवीस तासांनी बाहेर पडला की तोही फसतो. तारखेशिवाय वेळ ठेवूच नये.

नंतर इतर गिऱ्हाइकांकडे इतर डेटाबेस बघितले. एसक्यूएल सर्व्हरचा टाइम २००८ च्या आवृत्तीत आला; तो शुद्ध घड्याळाचा, चोवीसच्या आतच, आणि त्याच्यावर ‘सम’ लावला तर सरळ नकार देतो. मला हा नकार आवडला. चुकीच्या उत्तरापेक्षा लाल अक्षरं परवडली. दोन वेळांतलं अंतर काढणाऱ्या त्याच्या ‘डेटडिफ’शी मात्र जपून: तासांत अंतर मागितलं तर ७:५९ ते ८:०१ या दोन मिनिटांना तो एक तास म्हणतो, कारण तो मधे किती टोले पडले ते मोजतो. ओरॅकलमध्ये कालावधीचा स्वतंत्र प्रकार वर्षानुवर्षं आहे, पण त्यावर थेट ‘सम’ चालायला २३एआय आवृत्ती यावी लागली.

पोस्टग्रेसचा ‘इंटरव्हल’ हा खऱ्या अर्थाने ‘किती वेळ लागला’चा प्रकार. बेरीज करतो, सरासरी काढतो, तीसच्या पुढचे तास बिनतक्रार दाखवतो. त्याच्या पोटात तीन वेगळे खण आहेत: महिने, दिवस आणि मायक्रोसेकंद. बेरीज करताना ते तो आपण होऊन एकमेकांत ओतत नाही. एका भट्टीच्या सलग चालण्याच्या नोंदी होत्या, १ दिवस २० तास आणि २ दिवस ८ तास. बेरीज आली ३ दिवस २८ तास. मला आधी तो वेंधळेपणा वाटला. पुण्यात अमेरिकन कंपनीचं काम करणाऱ्या भाच्याने समजावलं: मामा, सगळीकडे दिवस चोवीस तासांचा नसतो. तिकडे नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे घड्याळ तासभर मागे घेतात, आणि त्या रात्री अकरा ते सातची पाळी नऊ तास भरते. म्हणून डेटाबेस दिवसाचे तास स्वतःच्या मनाने करत नाही. महिन्याचे दिवस तर इथेही कुणाला सांगता येत नाहीत. आपल्याकडे हा घोळ नाही याचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं. (आणि हो, आता मलाही मामा म्हणणारं कुणीतरी आहे.)

इंटरव्हल एवढा चांगला असूनही माझ्या टेबलात तो नाही. मालकाचा मुलगा एक्सेलमध्ये ओढतो, ऑडिटर दुसऱ्या कशात ओढतो, बायोमेट्रिक मशीनवाला तिसरंच काही पाठवतो. पूर्णांक सगळ्यांना कळतो. कॉलमचं नाव ‘ओटी_मिनिटे’. नुसतं ‘ओटी’ ठेवू नका. सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवणार नाही की तास, मिनिटं की रुपये. दशांश तासही ठेवू नका. वीस मिनिटं म्हणजे ०.३३ लिहिलंत की तीन वेळा वीस मिनिटांचे ०.९९ होतात, आणि त्या एका पैशासाठी युनियनचा माणूस दारात.

एक गोष्ट मात्र कॉलमच्या प्रकाराने सुटत नाही. मिनिटं पाव तासाच्या पटीत कधी आणायची? माणूस रोज दहा मिनिटं जास्त थांबतो, महिन्याचे सव्वीस दिवस. रोजच्या रोज खालच्या पाव तासाला आणलं तर महिन्याचा ओटी शून्य. महिनाअखेरीला बेरीज करून आणलं तर २६० मिनिटं, म्हणजे सव्वाचार तास. प्रोग्रॅम दोन्ही बरोबर. कुठला लावायचा हे मालक आणि कामगारांनी बसून ठरवायचं असतं, आणि पुष्कळ ठिकाणी ते प्रोग्रॅमरने रात्री अकरा वाजता एकट्याने ठरवलेलं असतं. मीही ठरवलंय. आता मशीनवरची मूळ वेळ एका कॉलममध्ये न बदलता ठेवतो आणि पाव तासाला आणलेली मिनिटं दुसऱ्यात. भांडण झालंच तर पहिला कॉलम उघडून दाखवता येतो, मामांच्या डायरीसारखा.

मामांचे चोवीस तास ७ तारखेलाच दिले, रोखीने, पाकिटात. त्यांनी पैसे मोजले नाहीत, चिठ्ठीवरचे तास तेवढे वाचले. पुढच्या महिन्यापासून ते पगाराआधी एक दिवस यायचे, डायरी टेबलावर ठेवायचे आणि कँटीनकडे जायचे. मी रेघा मोजून ठेवायचो. निवृत्त होईपर्यंत हे चाललं. अकराच्या अकरा जणांचा हिशेब त्यांच्या डायरीवरून लागत नव्हता, पण त्यांचा एकट्याचा जरी चुकला तरी मला कळायचं.

गेल्या महिन्यात नव्या सुपरवायझरची चिठ्ठी व्हॉट्सॲपवर आली. ‘ओटी ३.५’. वीस वर्षांचा अनुभव, म्हणून लगेच भरलं नाही, फोन लावला.

“साडेतीन तास की तीन तास पाच मिनिटं?”

“तीन पन्नास, सर. शून्य लिहायचं राहिलं.”